मेडिकलच्या कुंपणावर वाळणारे कपडे

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला गावात कोणी पूर्ण नावानं ओळखत नाही. ते ‘मेडिकल’. १९४७ साली ते सुरू झालं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि पलीकडच्या बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याची माणसं आपापला रुग्ण घेऊन इथं येतात. रुग्णाला खाट मिळते. सोबत आलेल्याच्या वाट्याला व्हरांडा येतो, नाहीतर आवारातल्या झाडाची सावली. घरून निघताना पिशवीत टाकलेले दोन जोड कपडे चार दिवसांत संपतात आणि मुक्काम कधी कधी महिन्यावर जातो. मग नळावर साबणाची वडी घासून धुतलेली लुगडी, चादरी, लेकरांची झबली कुंपणावर, खिडकीच्या गजांवर, झुडपांवर वाळत पडतात.

हे पाहून एक मामा आणि त्यांची भाची यांच्यात वाद सुरू झाला. विषय वरवर साधा होता: इथं लाँड्रोमॅट असावं का? टोकन टाकून आपले कपडे आपण धुऊन न्यायचे, अशी मोहल्ल्यातली जागा. परदेशातल्या अनेक शहरांत ती असते, नागपुरात सहजासहजी सापडत नाही.

भाची वकील आहे. इथल्याच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकली, पुढं एक वर्ष लंडनला राहिली आणि आता उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात ज्युनिअर म्हणून उभी राहते. मामांचं आयुष्य नागपूरच्या महाल भागातल्या लाँड्रीत गेलं. घराणं वरठ्याचं, म्हणजे उर्वरित महाराष्ट्र ज्यांना परीट म्हणतो त्यांचं. वकिलांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडला साबुदाण्याची खळ देऊन ताठ करावी ती मामांनीच, असं मानणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे अजून आहेत. भाचीचा बँडही तिथंच जातो.

“दहा मशिनी ठेवल्या पाहिजेत इथं, मामा. पाऊण तासात कपडे धुऊन हातात, अजून पाऊण तासात कोरडे. लंडनमध्ये वर्षभर मी हेच केलं.”

“लंडनले ऊन कुठं आहे? इथं मे महिन्यात लुगडं दोरीवर टाकलं की चिमटे लावेपर्यंत वाळते. वीज कायले जाळायची?”

“आणि जुलैत?”

जुलैचं उत्तर मामांकडे नव्हतं, कारण ते कोणत्याच नागपूरकराकडे नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढं नेणाऱ्या या शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा व्हरांड्यात वाळलेल्या कपड्याला कुबट वास येतो आणि दमट कपडाच अंगात घालावा लागतो. मामांचा हिशेब मात्र खोटा नाही. थंड पाण्यात कपडे धुण्याची एक फेरी जेमतेम अर्ध्या युनिटात होते, विजेवरचा ड्रायर मात्र एका फेरीला तीन-चार युनिट खातो. आठ महिने दोरी आणि चार महिने ड्रायर हीच नागपूरच्या हवेला साजेशी रीत ठरेल. या एका मुद्द्यावर दोघांचं चटकन जमलं. पुढं जमणं अवघड होतं.

मामांचा मुख्य आक्षेप विजेवर नव्हताच. “हे चोचले आहेत पैशेवाल्यांचे. ज्याच्याजवळ मशीन घ्यायले पैसे आहेत, पण धुवायले वेळ नाही, त्याचे.”

इथं भाचीनं त्यांना इतिहास ऐकवला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. १८ एप्रिल १९३४ रोजी अमेरिकेत, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात जे. एफ. कँट्रेल नावाच्या गृहस्थानं ‘वॉशटेरिया’ उघडलं. विजेवर चालणारी चार यंत्रं, तासाच्या भाड्यानं. काळ महामंदीचा होता. घरी यंत्र घेणं बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचं, पण तासाचं भाडं परवडत होतं. लंडनमधलं पहिलं लाँड्रोमॅट, तिकडच्या भाषेत लाँड्रेट, ९ मे १९४९ रोजी बेझवॉटर भागात सुरू झालं. महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती आणि भाड्याच्या एकेका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना धुवायला धड जागाही नव्हती. पुढं घरोघरी यंत्रं आली, तशी ही दुकानं कमी होत गेली. ज्याच्याकडे यंत्र नाही, जागा नाही, त्याच्यासाठीच ती निघाली होती.

“म्हणजे मेडिकलच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसासाठीच,” ती म्हणाली. “आयटीतल्या पोरांसाठी नाही, मामा.”

मामांनी मग आपल्या कामाची बाजू मांडली, आणि ती मांडताना त्यांचा आवाज चढला. भट्टी म्हणजे काय हे आता फारसं कुणाला ठाऊक नाही. मळके कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे, मोठ्या भांड्याभोवती थरांनी रचायचे आणि खालून जाळ लावून रात्रभर त्यांतून वाफ फिरू द्यायची. पहाटे घाटावर नेऊन दगडावर आपटायचे, उन्हात टाकायचे, मग नीळ, मग खळ, मग इस्त्री. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत रुग्णालयातले कपडे ६५ अंशांवर दहा मिनिटं किंवा ७१ अंशांवर तीन मिनिटं धुवावेत असा दंडक आहे. भट्टीतली वाफ त्याहून कितीतरी तापलेली असे आणि ती तासन्‌तास फिरे. “आमच्या आज्याले थर्मामीटर माहीत नव्हतं. पण खरजेचे कपडे कोणते आणि ते वेगळे कसे शिजवायचे, ते माहीत होतं.”

खरजेचा उल्लेख सहज आला, पण तो मोलाचा आहे. खरजेचा किडा कपड्यांतून, पांघरुणांतून पसरू शकतो आणि ५० अंशांहून जास्त उष्णतेत दहा मिनिटं ठेवला तर मरतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, वसतिगृहात, शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या दाटीच्या खोल्यांत ती एकाला झाली की सगळ्यांना होते. थंड नळाखाली साबण लावून हा किडा जात नाही. गरम पाणी लागतं, आणि ते व्हरांड्यातल्या माणसाला कुठून मिळणार? लाँड्रोमॅटच्या बाजूनं याहून भक्कम कारण दुसरं नसेल. ते मामांच्या तोंडून निघालं आणि भाचीनं लगेच उचललं.

खुणेची गोष्टही मामांनीच काढली. आजोबांच्या काळी कोणाचा कपडा कोणता हे बिब्ब्याच्या रसानं लिहीत. विदर्भाच्या जंगलात बिब्बा भरपूर. त्याचा रस चुन्यासोबत कापडावर काळाशार बसतो आणि कितीही धुतला तरी निघत नाही. म्हणूनच इंग्रजांनी या फळाला खुणेचं फळ म्हटलं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठू लागले, तेव्हा त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये शोध घेऊन सांगितलं की हे धोब्याच्या खुणेमुळं होतं. बिब्ब्याचा रस कातडीला सोसत नाही. “कपडा हरवला नाही पाहिजे, एवढंच आमचं,” मामा म्हणाले. “वरठी कपडा पाहून घर ओळखते. तुझी मशीन काय ओळखते?”

“काहीच ओळखत नाही,” भाची म्हणाली. “म्हणूनच ती मला हवी आहे.”

आणि तिनं साताऱ्याची गोष्ट सांगितली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६च्या सुमारास ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथनपर टिपण इंग्रजीत लिहिलं. त्यात साताऱ्यातल्या बालपणाची आठवण आहे. घरातले कपडे त्यांच्या बहिणी धूत. गावात परीट नव्हते असं नाही. पैसे देण्याची ऐपत नव्हती असंही नाही. अस्पृश्याचे कपडे धुवायला एकही परीट तयार नव्हता. न्हाव्याचंही तेच, म्हणून भावांचे केससुद्धा मोठी बहीणच कापत असे.

“वरठी घर ओळखतो म्हणता ना मामा? त्या ओळखीनंच त्यांच्या बहिणींना धुणं लावलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घ्यायला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. त्यांतले किती कपडे आपल्या कोणा वरठ्यानं धुतले असतील?”

मामांनी हे नाकारलं नाही. बारा बलुतेदारांत परीट होता; वर्षाचं धान्य घेऊन गावाचं धुणं धुवायचं. बाळंतिणीचे, विटाळाचे, सुतकाचे कपडे त्याच्याकडे येत, म्हणून वरच्यांनी त्याला खाली बसवलं आणि त्यानं आपल्याखालच्यांना दाराशी येऊ दिलं नाही. आजही हीच जात उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये अनुसूचित आहे, महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडते. अनुसूचित जातींत घ्या, ही इथल्या समाजाची मागणी जुनी आहे. ज्या समाजानं अपमान सोसला, त्यानंच तो दुसऱ्याला दिला, हे मामांना माहीत होतं. “होतं तसं,” एवढंच ते म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. “पण ते गावातलं. मोडलं ते शहरात. महालात दुकान टाकलं, पाटी लावली, पावती फाडली. पावतीवर नंबर असते. काउंटरवर कोण आला ते आम्ही विचारलं नाही, विचारून चाललंही नसतं. तुझ्या मशिनीच्या आधी हे आमच्या पावतीनं केलं.”

कायद्याच्या पुस्तकात याला आधार आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी दुकानांत सर्वांना प्रवेश देणाऱ्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी मुद्दाम रुंद केला: येणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला जो बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान; नुसतं आत शिरू देणं पुरत नाही, सेवाही दिली पाहिजे. ते कलम आज पंधराव्या कलमात आहे. पुढं १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या सहाव्या कलमानं सेवा नाकारणं शिक्षापात्र केलं. साताऱ्यात त्या बहिणींना धुणं लावणारी वागणूक गुन्हा ठरवणारा हा कायदा तेव्हाच असता तर काय झालं असतं, हे भाचीला वकील म्हणून छळतं. पावती पुरेशी आहे असं तिला वाटत नाही. पावतीवर आडनाव लिहितात, घरपोच सेवेत पत्ता लागतो, आणि नागपुरात वस्तीचं नाव सांगितलं की ऐकणारा बाकीचं समजून घेतो.

धुणाऱ्यांवरच अन्याय झाल्याची एक गोष्ट तिनं मग सांगितली आणि मामा सरसावून बसले. सॅन फ्रान्सिस्कोत १८८० साली वटहुकूम निघाला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर नगरमंडळाची परवानगी हवी. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यांतल्या ३१० लाकडी, आणि जवळपास २४० चिनी माणसांच्या. चिन्यांचे दोनशे अर्ज आले, एकही मंजूर झाला नाही. इतरांचे ऐंशीच्या आसपास होते, ते एक वगळता सगळे मंजूर. यिक वो या लाँड्रीच्या नावानं खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८८६ मध्ये धोबी जिंकले. कायदा दिसायला सर्वांना सारखा असला तरी राबवताना भेद केला तर तो समतेचा भंग आहे, हे तत्त्व त्या निकालानं घालून दिलं आणि जगभरचे वकील ते अजून वापरतात.

“धोब्यानं?” मामांनी पुन्हा विचारलं. “केस धोब्यानं केली?”

त्यांना तो निकाल पूर्ण वाचायचा आहे. भाचीनं मराठीत करून देण्याचं कबूल केलं आहे.

पण यंत्राबद्दलची त्यांची खरी भीती अजून बाहेर यायची होती, आणि ती पोटाची होती. देशभर आता किलोच्या भावानं कपडे धुणाऱ्या साखळ्या पसरल्या आहेत. यूक्लीन, टंबलड्राय ही त्यांतली मोठी नावं. गुंतवणूकदार दुकान घेतो, नाव आणि यंत्रं साखळीची. तिथं कपडे धुणारा हात बहुधा वरठ्याचाच असतो, पण तो आता पगारावर असतो. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याच्या वाट्याला फ्लॅट स्कीमच्या जिन्याखालचं टेबल आणि पाच-सहा किलोची कोळशाची इस्त्री येते. मे महिन्यात त्या टेबलाजवळ दहा मिनिटं उभं राहून पाहावं. “मशीन वाईट नाही. मशीन आमच्या हातात कधी आलीच नाही, हे वाईट,” मामा म्हणाले. या वाक्यानंतर त्यांना यंत्राचे विरोधक म्हणणं अन्यायाचं होईल. भट्टीचा धूर आणि घाटावर मोडलेली कंबर त्यांनी वडिलांची पाहिली आहे, स्वतःचीही.

“मग वरठ्यालाच चालवायला द्या ना,” भाची म्हणाली. “पण कपडे त्यानं धुवायचे नाहीत. धुणारा स्वतः धुवेल.”

“तोच धुवेल तर वरठी कायले?”

“बायकांचं काय, मामा? मुलाजवळ वीस-वीस दिवस बसलेली बाई. तिचे आतले कपडे, पाळीचं कापड ती कोणा पुरुषाच्या हातात देईल? काउंटरवर मोजून देईल? ती देणार नाही. नळावर सर्वांसमोर घासून झुडपाच्या आत, सावलीत वाळवेल. ते कपडे उन्हातसुद्धा येत नाहीत.”

हा मुद्दा या सगळ्या वादात सर्वांत वजनदार आहे. पाळीचं कापड उन्हात वाळवावं, असं आरोग्यसेविका गावोगाव सांगतात आणि बायका ते लाजेनं अंधारात वाळवतात. ज्या यंत्रात आपण टाकायचं, झाकण आपण लावायचं आणि आपणच काढून घ्यायचं, तिथं ही लाज आड येत नाही. ड्रायरमधून कोरडं होऊन आलेलं कापड कोणाच्या नजरेस पडत नाही. मामांनी आयुष्यभर बायकांचे कपडे धुतले. नऊवारी, शालू, पैठण्या. पण पाळीचं कापड, आतले कपडे त्यांच्या काउंटरवर कधी आले नाहीत आणि का आले नाहीत हे विचारायची वेळही आली नव्हती.

ते बराच वेळ यावर बोलले. मग त्यांनी गाडगेबाबांचं नाव घेतलं. परिटाच्या घरात बाबांचा फोटो असतोच, पण मामांनी ते भक्तीनं काढलं नाही, कामाचं म्हणून काढलं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परिटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजीनं हातात खराटा घेऊन गावं झाडली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या, हे कमी सांगितलं जातं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य वारकऱ्यांसाठी उभारली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा केली. रुग्णासोबत आलेला माणूसही निराधार असतो, हे त्या परिटाच्या पोरानं ओळखलं होतं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, गाडगेबाबा त्याच महिन्याच्या २० तारखेला.

नागपुरात आज ही गरज मेडिकलपुरती नाही. रेल्वे स्टेशनजवळचं मेयो आहे, जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं रुग्णालय आहे, मिहानमधलं एम्स आहे. कर्करोगाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नातेवाईक तितकेच दिवस परगावी राहतात. पर्यटक नागपूरला येतो तो ताडोबा-पेंचच्या वाटेवर एखादी रात्र, आणि हॉटेल त्याचे कपडे धुऊन देतं. या शहरात सर्वांत जास्त दिवस मुक्काम करणारा परगावचा माणूस रुग्णालयाच्या आवारात असतो. लाँड्रोमॅट कोणासाठी, या प्रश्नाचं उत्तर इथंच शोधायला हवं. आणि ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर मुक्कामाला येणाऱ्या लाखोंसाठीही, असं भाचीनं जोडलं.

पाण्याचा प्रश्न मामांनी विचारला आणि तो रास्त आहे, कारण या आवारांत नळावरच गर्दी असते. समोरून उघडणारं यंत्र सात किलो कपड्यांना पन्नास-साठ लिटरच्या आसपास पाणी घेतं. वाहत्या नळाखाली तेवढेच कपडे धुताना किती वाहून जातं हे कोणी मोजत नाही. सांडपाण्याचंही आहे. नागपूर हे आपलं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देणारं शहर आहे. यंत्राचं पाणी गटाराच्या जोडणीतून तिकडं जाऊ शकतं. झुडपांत धुतलेलं उघड्यावर मुरतं.

आता भाची रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना द्यायचा अर्ज लिहिते आहे आणि वाद अर्जाच्या कलमांवर आला आहे. सेवा फुकट असावी, असं तिचं म्हणणं. औषधाला पैसे नसलेल्या माणसाकडून धुण्याचे पैसे घेऊ नयेत. मामा पाच-दहा रुपये तरी घ्या म्हणतात. फुकटचं यंत्र बिघडलं तर कोणी तक्रार करत नाही, हा त्यांचा अनुभव. आणि गाडगेबाबाही आधी गाव झाडायचे, मगच भाकरी घ्यायचे, हा त्यांचा आधार. यावर दोघंही हटायला तयार नाहीत. चालवायला परीट समाजातल्या बायकांचा बचत गट नेमावा, हे मात्र दोघांना पटलं आहे: यंत्राला हात लावणारी बाई असेल, कपड्याला हात ज्याचा त्याचा.

मसुदा वाचून मामांनी एकच दुरुस्ती सुचवली. यंत्रांच्या खोलीबाहेर दोन नळ आणि एक दगडी ओटा हवाच, गरम पाण्याची जोडणी नसलेला. दवाखान्यातल्या कपड्यांवर रक्ताचे डाग असतात, आणि रक्त एकदा गरम पाण्यात गेलं की कापडात बसून जातं, मग काही केल्या निघत नाही. ते आधी थंड पाण्यातच चोळून काढावं लागतं. भाचीनं हे चौथं कलम म्हणून घातलं आणि पाचव्यात ड्रायर जून ते सप्टेंबर चालू ठेवण्याचं लिहिलं.